गुलमर्गच्या हद्दीबाहेर स्कीइंग: पहिल्या दहा मिनिटांची तयारी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्या-मुंबईतले सहा जण फेब्रुवारीत आठ दिवस गुलमर्गला जाणार आहेत. आखलेल्या उतारांवर सगळ्यांचे दोन-तीन हंगाम झालेत, या वेळी गाइड घेऊन अफरवट डोंगराच्या हद्दीबाहेरच्या उतारांवर जायचं आहे. सगळ्यांनी शहरात एक दिवसाचा प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स केलाय, बीकन, म्हणजे गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ-यंत्र, तिथेच भाड्याने घेणार आहेत. एवढं पुरे आहे का?

नाही. शहरातला कोर्स वाईट असतो असं नाही, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो: पाच-दहा मिनिटांत अँब्युलन्स येईल. हद्दीबाहेरच्या बर्फात ते गृहीतकच कोसळतं. स्वित्झर्लंडमधल्या चार दशकांच्या हिमस्खलनांची आकडेवारी २०२४ मध्ये नव्याने तपासली गेली. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला १० मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात, आणि ३० मिनिटांपर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर येतं. पूर्वी पहिली १५ मिनिटं हाताशी आहेत असं शिकवलं जायचं, आता १० धरायची. गुलमर्गचं स्की-पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती-बचावपथक, चांगलं आहे, पण फोन लागून, माणसं निघून, शेजारच्या दरीत पोचेपर्यंत ही १० मिनिटं गेलेली असतात. म्हणून तुमचं बचावपथक म्हणजे तुम्हीच सहा जण. आणि गाइड सोबत आहे यावर विसंबू नका. तो सगळ्यात पुढे असतो, पहिला गाडला जाणारा तोच असू शकतो.

हा धोका पुस्तकी नाही. अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीयर हिमस्खलनात गेले, दोन्ही वेळा सोबतच्यांना वाचवता आलं. इथल्या पीर पंजाल रांगेतला बर्फ पश्चिमी झंझावातांबरोबर येतो, आणि येतो तेव्हा एकदम येतो. जानेवारी कोरडा गेला तर जुन्या पातळ थराचे कण साखरेसारखे सुटे होतात, त्यावर फेब्रुवारीत मीटरभर नवा बर्फ बसतो. सुट्या साखरेवर ठेवलेली लादीच ती. एका स्कीयरच्या वजनाने ती सरकते.

त्यामुळे कोर्सेसचा क्रम असा ठेवा. आधी बर्फावरचा तीन दिवसांचा हिमस्खलन कोर्स, म्हणजे लेव्हल-१. त्यात उतार वाचणं, हवामान आणि बर्फाचे थर, वाट ठरवणं आणि सोबत्याला शोधून काढणं एवढं सगळं हवं. शोधण्याच्या सरावाला वेगळा एक दिवस मिळाला तर उत्तम. मग सगळ्यांनी दोन दिवसांचा दुर्गम भागातला प्रथमोपचार करायचा आणि सहापैकी निदान दोघांनी ७०-८० तासांचा, म्हणजे आठ-दहा दिवसांचा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे त्याच विषयाचा मोठा कोर्स. दोघांनी अशासाठी की जखमी होणारा त्या दोघांपैकीच एक असू शकतो. स्की शिकवणारा कोर्स, कितीही नावाजलेल्या संस्थेचा असला तरी, यात मोजू नका. तो विषयच वेगळा आहे. पैसे भरण्याआधी आयोजकांना एकच विचारा: प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती वेळा शोधेल आणि किती वेळा खणेल? उत्तर ‘आम्ही प्रात्यक्षिक दाखवतो’ असं आलं, तर दुसरा कोर्स बघा.

हिमस्खलनात न सापडण्याचं प्रशिक्षण हे सापडल्यावरच्या प्रशिक्षणापेक्षा मोलाचं आहे, पण ते इथे पूर्ण मांडता येणार नाही. चार गोष्टी मात्र पाठ हव्यात. बहुतेक लादी-स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. फोनमधल्या कोनमापकाने अंश मोजायला शिका, डोळ्यांचा अंदाज पाच-सात अंशांनी सहज चुकतो. माणसं ज्यात मरतात त्या स्खलनांपैकी दहात नऊ त्या माणसाने किंवा त्याच्याच गटाने सुरू केलेली असतात. उतार एकेकाने उतरायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. आणि संरक्षण खात्याच्या डीजीआरई या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज सकाळी बघायचं. त्यात बारामुल्ला जिल्ह्यात अमुक उंचीच्या वर कितपत धोका, एवढंच कळतं. तुमच्या समोरच्या घळीचा निर्णय स्थानिक पेट्रोलची माहिती आणि तुमची स्वतःची पाहणी यांवरच घ्यावा लागतो. अफरवटच्या एका बाजूच्या खोऱ्याला हापतखुड म्हणतात. काश्मिरीत हापत म्हणजे अस्वल. गोंडोलावरून, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारमधून, ते अगदी जवळ दिसतं, आणि जवळ दिसतं म्हणूनच लोक त्याला हद्दीतला उतार समजतात.

आता बीकन. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारं आणि पकडणारं यंत्र. भाड्याने घेण्याची माझी शिफारस नाही, कारण सराव एका यंत्रावर आणि वेळ आली दुसऱ्यावर, असं होतं. घ्यायचंच असेल तर तीन अँटेनांचं डिजिटल घ्या, पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. सेल कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचे, सहसा अल्कलाइन. रिचार्जेबल सेलमुळे चार्जचा आकडा खोटा दिसतो. ६० टक्क्यांच्या खाली आकडा गेला की बदला. यंत्र अंगावरच्या आतल्या थरावर, पट्ट्यांसकट. बॅगेत कधीच नाही, कारण स्खलनात बॅग ओरबाडली जाते.

मोबाइल, अॅक्शन कॅमेरा, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे, रेडिओ, चॉकलेटच्या चांदीचा कागदसुद्धा बीकनला गोंधळात टाकतो. पाठवताना या वस्तू २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर लांब हव्यात. छातीवरच्या खिशात फोन आणि त्याखालीच बीकन, हे दृश्य गोंडोलाच्या रांगेत रोज दिसतं. फोन पँटच्या खिशात ठेवा, आणि शोधायची वेळ आली तर शोधणाऱ्याने फोन बंदच करावा. ज्याने मदतीला फोन करायचा, त्याने शोधायचं नाही.

रोज गोंडोलाच्या वरच्या स्टेशनबाहेर गटतपासणी: एक जण शोध-मोडवर, बाकीचे पाठवण्यावर, अंतर ठेवून एकेक जण त्याच्यासमोरून जातो. मग तो स्वतःचं पाठवण्यावर टाकतो आणि दुसरा कोणीतरी ते तपासतो. ही दुसरी पायरी लोक विसरतात, आणि तपासणाऱ्याचंच यंत्र दिवसभर शोध-मोडवर राहतं. तो गाडला गेला तर कोणाला सापडणार नाही.

स्खलन झालं की पहिले १५ सेकंद हलायचं नाही. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवा. एक जण नेता होतो, मोठ्याने मोजतो: आपण सहा, वर पाच, गाडला गेला एक. वरून दुसरं स्खलन येऊ शकतं का हे तो बघतो. मग सगळे बीकन शोध-मोडवर, अगदी खणणाऱ्यांचेसुद्धा. एकाचं पाठवण्यावर राहिलं की शोधणारा त्याच्याकडेच वळतो आणि तीन मिनिटं वाया जातात. काही यंत्रं बराच वेळ हालचाल झाली नाही तर आपोआप पुन्हा पाठवू लागतात. तुमच्या यंत्रात हे किती वेळाने होतं ते आधीच वाचून ठेवा.

शोध तीन टप्प्यांत. सिग्नल मिळेपर्यंत स्खलनाच्या ढिगावर ४०-५० मीटर रुंद पट्टे पाडत धावायचं, कडेपासून २० मीटरवरून सुरुवात. नेमकी रुंदी यंत्राच्या मागे लिहिलेली असते. या वेळी नजर यंत्रावर कमी आणि बर्फावर जास्त हवी, हातमोजा, पोलचं टोक, बुटाचा कोपरा दिसतो का ते बघत. सिग्नल मिळाला की बाणामागे जायचं. सिग्नलची रेषा वाकडी असते, सरळ नसते, त्यामुळे बाण वळला तर गोंधळू नका. पण यंत्रावरचा अंतराचा आकडा वाढतच राहिला तर तुम्ही उलट दिशेने चालला आहात, मागे फिरा. १० मीटरवर वेग कमी. ३ मीटरवर यंत्र बर्फाला टेकवायचं आणि त्यानंतर ते फिरवायचं नाही, त्याचं तोंड एकाच दिशेला. पुढे-मागे सरकवून सर्वात लहान आकडा शोधा, तिथून डावी-उजवी, पुन्हा सर्वात लहान. इथे लोक घाई करतात, यंत्र हवेत उचलतात, हलवतात, आणि आकडे नाचायला लागतात. आधीच्या टप्प्यात धावायचं, इथे बोटांनी धान्य निवडल्यासारखं काम करायचं.

एक जण हे करत असताना बाकीच्यांनी त्याच्या यंत्रात डोकावायचं नाही. प्रोब, म्हणजे बर्फात टोचून बघायची लांब घडीची काठी, जोडायचा, फावडी जोडायची, मागोमाग जायचं.

प्रोब निदान २४० सेंटिमीटरचा, काश्मीरच्या बर्फासाठी ३००चा असेल तर बरा. सर्वात लहान आकड्याच्या जागेपासून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल बाहेर जात टोचायचं, आणि उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात, आभाळाकडे सरळ नाही. लागल्याची जाणीव ओळखायला वेगळा सराव हवा. जमीन आणि खडक टणक लागतात, बर्फाचा कडक थर फुटतो आणि पुढे सोडतो. माणूस मात्र किंचित दाबला जाऊन परत ढकलतो, ओल्या गादीवर काठी टेकवल्यासारखं. पहिल्याच दिवशी गुलमर्गमध्ये खड्डा खणून त्यात फळी, कपड्यांनी भरलेली बॅग आणि स्कीचा बूट पुरा, वरून बर्फ टाका, आणि डोळे मिटून काय लागलं ते प्रत्येकाने सांगा. लागलं की प्रोब काढायचा नाही, ती तुमची खूण आहे.

खणण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि सरावात सगळ्यात कमी वेळ त्यालाच दिला जातो. थांबलेल्या स्खलनाचा बर्फ मिनिटभरात सिमेंटसारखा बसतो. मीटरभर खोल गाडलेल्या माणसापर्यंत जायला टनभर बर्फ तरी हलवावा लागतो. म्हणून फावड्याचं पातं धातूचं हवं, प्लास्टिकचं तिथे वाकतं. प्रोबवरून खोली वाचा. मीटरभरापर्यंत असेल तर तेवढंच अंतर, जास्त असेल तर दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन तिथून आडवं आत खणा. वरून सरळ खाली विहीर खणली तर तुमचं वजन त्याच्या तोंडापुढच्या हवेच्या पोकळीवर येतं आणि बर्फ बाहेर टाकायला जागाही राहत नाही. एक जण प्रोबपाशी, बाकीचे त्याच्यामागे इंग्रजी व्ही आकारात. पुढचा ठोकळे कापतो आणि मागे ढकलतो. मागचे होडी वल्हवावी तसं फावड्याने बर्फ मागे सारतात. उचलून फेकायचं नाही, दोन मिनिटांत दंड जातात. पुढच्याचा वेग मंदावला की सगळे एक जागा सरकतात, त्याला विचारायचं नाही. तो नेहमी ‘अजून जमतंय’ म्हणतो.

अंगाचा पहिला भाग दिसला की डोकं कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घ्या आणि तिकडेच जा. पूर्ण माणूस उकरत बसू नका. चेहऱ्याजवळ पोचलं की फावडं बाजूला आणि हाताने. इथे सावकाश बघा: तोंडात, नाकात बर्फ ठासलाय का? तोंडापुढे हवेची पोकळी आहे का, तिच्या आतून बर्फाचं पापुद्र्यासारखं कवच झालंय का? चेहरा मोकळा झाल्याची वेळ एकाने मोठ्याने सांगायची आणि एकाने लिहायची. पुढच्या डॉक्टरला तीन गोष्टी लागतात: किती वाजता गाडला गेला, चेहरा किती वाजता मोकळा झाला, आणि श्वासमार्ग उघडा होता की बंद. गाडलेला वेळ ६० मिनिटांहून जास्त, हृदय थांबलेलं, पण श्वासमार्ग उघडा, असा माणूस थंडीने थांबलेला असू शकतो. मोठ्या रुग्णालयात त्याला यंत्राने गरम करून परत आणण्याची आशा असते. ही नोंद नसेल तर तो निर्णय अंधारात होतो.

बोटाने बर्फ काढा, हनुवटी उचला, छाती मोकळी करा. श्वास नसेल तर आधी पाच श्वास तोंडाने, मग छातीदाब. शहरातल्या कोर्सात छातीदाब आधी शिकवतात, कारण तिथे हृदयविकार गृहीत असतो. इथे माणूस गुदमरलेला असतो, त्याला आधी हवा हवी. त्यामुळे ‘फक्त छातीदाबाचा सीपीआर’ इथे चालत नाही. पुढे ३०:२, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५-६ सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. पाच श्वास शरीर पूर्ण बाहेर काढण्याआधीच, खड्ड्यातच देता येतात. याचा सराव पुतळ्यावर, जाड हातमोजे आणि जाकीट घालून करा.

शरीर गार झालेलं असेल तर नाडी अगदी मंद असते. गळ्याशी पूर्ण एक मिनिट बघा. आणि हलवताना काचेचं भांडं उचलल्यासारखं, आडवंच ठेवून. गारठलेल्या माणसाला झटक्याने उभं केलं तर हृदयाची लय बिघडते, वाचवलेला माणूस हातचा जातो.

थंडीचं काम सगळ्या जखमींना लागू आहे, गुडघा मुरगळलेल्यालासुद्धा. उणे १० अंशांत बर्फावर तासभर पडून राहिलेला कोणीही हायपोथर्मियाकडे, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक खाली जाण्याकडे, जातो. खाली फोमची मॅट आणि बॅगा, कारण पाठीखालचा बर्फ उष्णता सर्वांत वेगाने ओढतो. मग कोरडे कपडे, डाउन जाकीट किंवा स्लीपिंग बॅग, बाहेरून ताडपत्री, समोशासारखी सगळीकडून बंद, तोंड तेवढं उघडं. रासायनिक हीट पॅड छातीवर, काखेत आणि पाठीच्या वरच्या भागात, कपड्यावरून. कातडीवर थेट ठेवला तर भाजतो. थरथरतोय आणि नीट बोलतोय तर गोड पाणी, चॉकलेट, गुळाची चिक्की द्या, पण निदान अर्धा तास चालवू नका. थरथर थांबली आणि बोलणं अडखळू लागलं म्हणजे बरं वाटतंय असं नाही, बिघडतंय. चोळणं, ब्रँडी, शेकोटीशी बसवणं, तिन्ही बंद. हिमदंश झालेली बोटंही चोळायची नाहीत. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत गरमही करायची नाहीत. खोलीवर पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात.

दुखापतींमध्ये गुडघ्याचे स्नायुबंध आणि नडगी सर्वांत वर, मग खांदा आणि अंगठा. नडगी मोडली असेल आणि उतरायला तास-दोन तास लागणार असतील तर स्कीचा बूट काढू नका, तोच स्प्लिंट आहे. बकल सैल करा. त्याच्यावरून गुडघ्यापर्यंत सॅम स्प्लिंट (हवी तशी वाकवता येणारी आधारपट्टी) किंवा स्कीच्या दोन काठ्या, आणि मधे कपडे भरून बांधा. बांधण्याआधी आणि नंतर बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, गरम आहेत का, हे बघा. नंतर गार पडली तर बांधणी सैल करा. मांडीचं हाड ही वेगळी पायरी: आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं, बाहेर थेंबही न दिसता. चेहरा पांढरा, नाडी १२० आणि मांडी सुजलेली, तर बाकी सगळं थांबवून गरम ठेवा आणि लवकरात लवकर खाली न्या. झाडावर आदळलेल्याच्या जाकिटाखाली हात घालून रक्त तपासा. काळ्या जाकिटात ते दिसत नाही. हाता-पायाचं रक्त दाबून थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवायचा आवळपट्टा, जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि कपाळावर वेळ लिहा.

उंचीचा घोळ लक्षात ठेवा. श्रीनगर १,५८५ मीटर, गुलमर्ग सुमारे २,६५०, गोंडोलाचं वरचं टोक ३,९०० मीटरच्या पुढे. मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी वर गेलेल्याचं डोकं दुखणारच. पण पडल्यानंतर दुखत असेल, उलटी झाली, तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, तर डोक्याला मार धरूनच चाला आणि खाली आणा. दोन्हींवर उपाय एकच, उतरणे.

गटात काय असावं: बीकन, प्रोब, फावडं प्रत्येकाकडे, वाटून घ्यायचं नाही. गटात दोन सॅम स्प्लिंट, चार त्रिकोणी बँडेज, दोन टूर्निकेट, सीपीआरचा मास्क, कापडी चिकटपट्टीचा एक रोल, सहा मोठे हीट पॅड, एक हलकी स्लीपिंग बॅग, २×३ मीटरची ताडपत्री, १० मीटर दोरी, कात्री, पेन्सिल आणि पाण्यात न भिजणारी वही. पेन्सिल, कारण पेनाची शाई थंडीत चालत नाही. पॅरासिटामॉल पुरे, डोक्याला मार असेल तर अॅस्पिरिन नको. एअरबॅगची, म्हणजे स्खलनात फुगणारी, बॅग असेल तर तिच्या सिलिंडरला विमान कंपनीची परवानगी आधी घ्या.

संपर्काच्या बाबतीत इथे दोन खास अडचणी आहेत. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, गटात निदान तिघांकडे पोस्टपेड हवी. आणि परदेशातून कोणी नातेवाईक सोबत येणार असेल तर त्याच्याकडे उपग्रहावर चालणारा मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन असू शकतो. भारतात तो परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक पकडले गेलेत. तो घरीच ठेवायला सांगा. पेट्रोलचा आणि गाइडचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये, त्याखेरीज ११२. फोनवर हा क्रम: कुठे आहोत (अक्षांश-रेखांश), किती जण गाडले किंवा जखमी, कधी झालं, श्वास-शुद्ध कशी आहे, वर धोका आहे का, बोलणाऱ्याचा नंबर. आपला बाहेर पडायचा रस्ता सकाळीच ठरलेला असावा: परत गोंडोलाकडे, की द्रंग, बाबा रेशी किंवा टंगमर्गकडे, आणि तिथे गाडी कोणाची. गुलमर्गहून श्रीनगर ५० किलोमीटर, बर्फात दोन तास सहज. हाडांच्या दुखापतीला बारझुल्ल्याचं बोन अँड जॉइंट हॉस्पिटल, गारठलेला किंवा डोक्याला मार लागलेला रुग्ण असेल तर सौऱ्याचं शेर-ए-काश्मीर इन्स्टिट्यूट.

सराव इथूनच सुरू करता येतो, बर्फाची वाट बघू नका. बीकन रानातल्या पाल्याखाली, पोत्यात लपवून ४०×४० मीटरच्या मैदानावर शोधायचा, चार मिनिटांत जागेवर बोट ठेवता येईपर्यंत. खणण्याचा व्ही ओल्या वाळूच्या ढिगावर होतो. वाळू बर्फाहून जड, दंडांना चांगली. निघण्याआधी असे सहा रविवार. मग गुलमर्गचा पहिला दिवस पूर्ण सरावाचा, गोंडोला न चढता: कपड्यांनी भरलेली बॅग बीकनसकट ८० सेंटिमीटर खोल पुरून ‘चेहरा मोकळा’पर्यंत घड्याळ लावायचं. दर फेरीत नेता बदला, आणि एका फेरीत गाइडलाच ‘गाडलेला’ धरा. १० मिनिटांच्या आत आलात तर दुसऱ्या दिवशी वर जा. नाही आलात तर दुसरा दिवसही खालीच.